नैवेद्याचा सॉस

टोमॅटो शिजले, सालं गुंडाळी होऊन वर आली, तशी मंदाकिनीबाईंनी ती चमच्याने एकेक काढून टाकली. घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा. बारा वाजता सून ऋचा तनयाला खाली सोडून जाणार होती, दोन तासांपुरती. सून तरी कसली आता. घटस्फोटाला दीड वर्ष झालं. तेव्हापासून नात आज पहिल्यांदा या घरी येत होती, आणि फोनवर एवढंच म्हणाली होती, "आजी, पास्ता कर. सॉस बाटलीतला नको हं."

पास्ता उकडून तयार होता. सॉसचंच कळेना. बाईंनी डाव फिरवला, गॅस बारीक केला, पुन्हा मोठा केला, खिडकीतून फाटकाकडे बघून आल्या. आमटी असती तर नुसत्या वासावरून मीठ कळलं असतं. हा लाल रस काही बोलायलाच तयार नाही!

"अगं, चाखून बघ की," अनंतराव पेपराआडून म्हणाले.

"अहो, नैवेद्य व्हायचाय अजून."

"कांदा नाही, लसूण नाही, आता चवही बघायची नाही. देव बिचारा तक्रार करत नाही. पोरगी करेल."

चाळीस वर्षांत देवाआधी त्यांच्या जिभेला काही लागलं नव्हतं. पण पोरीने एक घास खाऊन ताट सरकवलं तर? पुन्हा कशाला येईल ती?

खाली स्कूटर थांबली. बाईंनी देवघराकडे पाठ केली, डावातला थेंब डाव्या तळहातावर घेतला आणि चाटला. आंबटढाण! मीठ तर नाहीच. चिमूटभर मीठ, गुळाचा खडा, भराभर ढवळणं. पुन्हा थेंब, पुन्हा जीभ. हां, आता जमलं.

तनया थेट स्वयंपाकघरात आली. केवढी उंच झाली होती! कढईवर वाकली, बोट पुढे केलं आणि झटकन मागे घेतलं.

"आजी, आधी बाप्पाला ना?" तिने आपणच वाटीत पास्ता घेतला, सॉस घातला, वर तुळशीचं पान ठेवलं. "तू चाखलं नाहीयेस ना गं?"

अनंतरावांनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि पेपर वर धरला.

मंदाकिनीबाई देवापुढे बसल्या. उजव्या हाताने पाण्याचं चौकोनी मंडल काढलं. डावी मूठ मांडीवर मिटलेली. तनयाने वाटी ठेवली, हात जोडले, डोळे मिटले.

तेव्हा त्यांनी मूठ हळूच देवापुढे उघडली. लाल डाग अजून ओलाच होता.