शेवटपर्यंत थांबलेला माणूस

दुसरं गाणं संपलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या माणसाने मागे वळून सगळ्या हॉलवरून नजर फिरवली, खिशातून छोटी वही काढली आणि त्यात काहीतरी लिहिलं.

"बघ, लिहितोय," बास गिटारची तार लावता लावता ब्रिटनी मर्विनला म्हणाली. "आपल्यावर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं हां!"

मर्विनलाही वाटलं नव्हतं. तीन वर्षांत त्यांच्या बँडला एकाही ठिकाणी दुसऱ्यांदा बोलावलं नव्हतं. गाणी मर्विनची, चाली मर्विनच्या, गळाही त्याचाच. एव्हरशाईन सिटीतल्या या क्लबात यायच्या आधीच तिघांनी ठरवून टाकलं होतं, आज कोणी पुढचं बोलावणं दिलं नाही तर बँड बंद. ड्रमवाला ॲल्रॉय सोमवारपासून मामाच्या ऑफिसात बसणार होता. मर्विनला मात्र नुसत्या विचारानेच रडू येत होतं.

तिसरं गाणं नऊ मिनिटांचं होतं. चौथ्या मिनिटाला वाढदिवसाला आलेला मोठा ग्रुप अर्धा केक टाकून उठला. सातव्या मिनिटाला कोपऱ्यातलं जोडपं भांडण अर्धवट सोडून गेलं. पहिल्या रांगेतला माणूस जागचा हलला नाही. गाणं संपल्यावर त्याने घड्याळ पाहिलं, मागे पाहिलं आणि चक्क हसला.

"गर्दी गेली ते बरंच झालं," ॲल्रॉय कुजबुजला. "आता त्याला नीट ऐकू येईल."

मर्विनच्या अंगात वारं संचारलं. चौथं गाणं त्याने डोळे मिटून फक्त त्या एका माणसासाठी म्हटलं. डोळे उघडले तेव्हा हॉलमध्ये तो माणूस आणि एक वेटर एवढेच उरले होते. वेटरही निघायच्या बेतात होता. माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता.

तो स्टेजपाशी आला. "मी काशीराम, जूचंद्र गावचा. ही गानी तुझीच?"

"हो काका, सगळी माझीच."

"दुसरं कोन वाजवत नाय ना अशी?"

"नाही काका!"

"मंग पुढच्या महिन्यात माझ्या पोरीची हलद हाय. तुमीच यायचं. आत्ताच सांगून ठेवतो, त्या दिवशी दुसरीकडं जाऊ नका."

ब्रिटनीने आनंदाने ॲल्रॉयला मिठी मारली. मर्विनचे डोळे भरून आले. आपलं गाणं कळणारा माणूस अखेर भेटला होता.

"काका, सुरू किती वाजता करायचं?"

"साडेनवाला. तवर बँजोवर गाव नाचंल. दहाला आवाज बंद केला नाय तर पोलीस येतात, आनि हलदीतला मानूस काय हलत नाय. मोठ्या पोरीच्या टायमाला मी सगल्यांच्या पाया पडलो, कोन उठंना." काशीरामने वही उघडून दाखवली. "तुमी पाऊन तासात चौऱ्याऐंशी मानसं घालवलीत. माझी फकस्त चारशे हायेत."