लाल मूठ
“सर, तुम्ही कधी घाबरून पतंग सोडलाय?” मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून तिनं विचारलंच. पतंगाच्या ओढीनं लाटांवर फळी पळवायला शिकवणारे सर हसले नाहीत. “एकदाच. तेही उशिरा,” म्हणत त्यांनी तिच्या पट्ट्यावरची लाल मूठ तपासली. ती ढकलली की पतंगाचा जोर संपतो. मग काय, वाऱ्यावर स्वार होऊन बाईसाहेब सुसाट निघाल्या! तेवढ्यात समोर पिवळी टोपी दिसली. पोहणाऱ्यांच्या हद्दीची दोरी ओलांडून एक आजोबा मजेत हात मारत होते. आईची अट आठवली: “एकदा जरी घाबरलीस, तर क्लास बंद.” तरी तिनं मूठ ढकलली. पतंग पाण्यावर आडवा झाला, तिनं दोन गटांगळ्या खाल्ल्या. किनाऱ्यावर मैत्रिणी ओरडल्या, “भित्री भागूबाई!” आजोबांना पत्ताच नाही. घरी तिनं जाहीर केलं, “आई, बाबा, आज घाबरले, पण वेळेवर! उद्याही जाणार.”