शेंड्यावरचं तांबडं मडकं

पाहुण्यांच्या सगळ्या बॅगा गाडीत चढल्या, तरी तोआदेर गाडीच्या आरशात बघून मिशा विंचरतच होता.

"बाबा, बॅगांना मिशा दिसत नाहीत," गाव्रिला म्हणाला.

या बापलेकांचा उन्हाळाभर एकच धंदा. परदेशातून आलेल्या पाहुण्यांना गाव्रिला लाकडी देवळं दाखवत गावोगाव चालवत नेतो. त्यांचं सामान घेऊन तोआदेर गाडीने पुढे जातो. इझा नदीच्या आमच्या खोऱ्यात गाव्रिलाइतक्या ऐटीत चालणारा दुसरा माणूस नाही. आज पाऊस नाही असं त्याने सांगितलं की पाहुणे छत्र्या ठेवून निघतात, आणि चिंब भिजले तरी त्याच्यावर रागावत नाहीत.

आज हंगामातली शेवटची फेरी होती. दुपारचं जेवण नेहमीसारखं पालागाबाईकडे होतं, आणि तिथेच तिच्या मुलीला, इलिंकाला मागणी घालायची हे गाव्रिलाचं पक्कं ठरलं होतं. इलिंका इटलीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते. वसंतात घरी आली होती, आता बर्फ पडायच्या आत परत जाणार. आज विचारलं नाही तर संधी गेलीच.

"आज पालागामावशीकडे थांबा हं बाबा. जेवताना आपलं वडीलधारं माणूस हवं."

तोआदेरचा कंगवा मिशीतच थांबला. "म्हणजे तुझ्या लक्षात आलंय तर."

"माझ्या? अख्ख्या खोऱ्याच्या लक्षात आलंय."

"तुझ्या आईला काय वाटेल, हे सारखं मनात येतं रे."

"आई वरून आशीर्वादच देत असेल. दोघा पुरुषांनी किती दिवस करपलेलं खायचं?"

तोआदेरने डोळे पुसले, नवी गवती टोपी डोक्यावर चढवली आणि गाडी भरधाव सोडली. म्हातारा अलीकडे फार हळवा झालाय, असं गाव्रिलाच्या मनात आलं.

वाटेत गवताच्या गंजी मागे टाकत सगळे चढ चढू लागले. गाव्रिलाच्या बरोबरीने फेमकेबाई चालत होत्या. हॉलंडच्या या निवृत्त शिक्षिका जूनमध्ये येऊन गेल्या होत्या आणि परत आल्या होत्या. एका अंगणात वाळक्या झाडाच्या फांद्यांना पातेली, तपेली उपडी टांगलेली दिसली.

"पालागाकडेही असं झाड आहे ना? वर तांबडं मडकं असलेलं?"

"शेंड्यावर तांबडं मडकं म्हणजे घरात लग्नाची मुलगी आहे. सोयरीक जुळली की उतरवतात." गाव्रिला छाती काढून म्हणाला, "ते आज उतरणार."

"इलिंका हो म्हणाली?"

"अजून विचारलं नाही. पण ती आमच्या घराची किती चौकशी करते, माहितीये? चूल धूर करते का, परसात विहीर आहे का. बाबा पितात का, चिडतात का, रात्री घोरतात का. सासऱ्याच्या घोरण्यापर्यंत पोचलेली मुलगी नाही कशाला म्हणेल?"

"आणि तुझी चौकशी?"

"माझी कशाला? मी तर समोरच असतो."

"तिच्या बोटात अंगठी पाहिली होती मी."

"इटलीहून आलेल्या पोरी असलं काहीबाही घालतात. मावशीचंच बघा ना. नवरा गेल्यापासून डोक्याला काळा रुमाल बांधायची. या जुलैपासून फुलाफुलांचा बांधते. जावई दिसायला लागला की सासू अशी खुलते."

"जूनमध्ये आमच्या बॅगा आमच्यानंतर मुक्कामाला पोचल्या होत्या," बाईंना उगाच आठवलं.

"गाडी जुनी आहे," गाव्रिला म्हणाला आणि त्याने पावलं झपाझप टाकायला सुरुवात केली.

पालागाबाईचं कोरीव लाकडी फाटक दिसलं तसं सगळ्यांनी वर पाहिलं. झाड होतं, पातेली होती, शेंडा मात्र रिकामा होता.

गाव्रिला वाटेतच थबकला. पण तो फार वेळ अडून राहणारा नव्हे. फाटकाशी तोआदेरची गाडी उभी दिसली आणि त्याचा चेहरा उजळला.

"बाबांनी बोलणी उरकून टाकली," तो बाईंच्या कानात म्हणाला. "मी तोंड उघडायच्या आत होकार. बघितलंत?"

कॉलर सारखी करून तो आत शिरला. ओसरीवर भरतकाम केलेलं कापड अंथरून टेबल मांडलं होतं. पालागाबाई नव्या फुलांच्या रुमालात वाफाळते कोबीचे मुटके वाढत होती. घरधनी गेल्यापासून ज्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं, तिच्यात तोआदेर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. बापाचा हा मान पाहून गाव्रिलाचा ऊर भरून आला. व्याह्याला इतका मान आमच्या खोऱ्यातही रोज मिळत नाही.

एवढ्यात आलूबुखाऱ्याच्या दारूची बाटली घेऊन इलिंका बाहेर आली. तिने गाव्रिलाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. तिचे डोळे भरून आले होते.

"मडकं मी उतरवलं," ती म्हणाली. "टांगलंही मीच होतं. आई तर लाजून नको नको म्हणत होती. पण तिला इथे एकटी टाकून मी लग्न करून कायमची इटलीत कशी राहणार होते? सकाळी बाबांनी सांगितलं, तू आपणहून आशीर्वाद दिलास म्हणून. फार मोठं मन आहे तुझं." तिने पेला काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला. "घे ना, दादा."