वाकड्या तोंडाचं सफरचंद

पाकाचा थेंब वाटीतल्या गार पाण्यात पडला आणि तळाशी जाऊन पसरला. वैजयंतीनं बोटानं चाचपून पाहिला. अजून मऊच. उंबरजे मॅडम कुठल्याही क्षणी येणार होत्या आणि पाक काही होईना.

“संस्कृती, लांब हो. अंगावर उडंल.”

“हो आई,” म्हणत सहा वर्षांची संस्कृती लगेच मागं सरली.

ती नेहमीच लगेच ऐकायची. संस्थेतून दत्तक आली, तेव्हा ‘यांना आई म्हणायचं’ असं तिला सांगितलं होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून ती आई म्हणत होती. कारलं वाढलं तरी खायची. खाली खेळताना कुणी बाहुली मागितली की देऊन टाकायची. किती गुणाची पोर, असं सगळी बिल्डिंग म्हणायची. वैजयंतीला मात्र सारखी धास्ती. दत्तकाचा शेवटचा हुकूम अजून निघायचा होता. त्याआधी संस्थेच्या उंबरजे मॅडम घर बघायला येणार होत्या. त्यांना काही खटकलं आणि पोर परत नेली तर?

“एवढी कशाला घाबरतीस?” टॉवेलच्या कारखान्यात जाताना तिचा नवरा सयाजी म्हणाला होता. “पोरगी खूश हाय की.”

खूश आहे की नुसती शहाणी आहे, हेच वैजयंतीला कळत नव्हतं. म्हणून तर आज हा घाट घातला होता. मोबाईलवर बघून, पाकात बुडवलेली सफरचंदं. पोरीनं मॅडमच्या देखत एखादं हसत खाल्लं म्हणजे झालं.

पुढचा थेंब पाण्यात पडताच गोठला आणि बोटांत तडकन मोडला. वैजयंतीनं गॅस बंद केला. काड्या खोचलेली सफरचंदं लाल पाकात फिरवली, तूप लावलेल्या ताटात उभी केली, गरम असतानाच वर शेंगदाण्याचा भरडा भुरभुरला. एक तेवढं पोरीसाठी मोकळं ठेवलं. ते गार झाल्यावर संस्कृती बडीशेपेच्या रंगीत गोळ्या मधाच्या बोटानं एकेक करून त्यावर चिकटवत बसली. डोळे झाले, तोंड झालं. एक डोळा वर, एक खाली. तोंड पार कानाकडं गेलेलं.

“चालेल ना, आई?”

“छान हाय,” वैजयंती म्हणाली, पण तिचं लक्ष दाराकडं होतं.

बेल वाजली. मॅडम आल्या, बसल्या. त्यांनी घरभर नजर फिरवली. चहा घेता घेता संस्कृतीला जवळ बोलावलं.

“इथं आवडतं?”

“हो.”

“जेवायला काय आवडतं?”

“सगळं.”

“आईचा राग येतो कधी?”

“नाही.”

प्रत्येक उत्तरावर मॅडम नुसतं “बरं” म्हणत होत्या. त्या ‘बरं’चा अर्थ वैजयंतीला लागेना.

तेवढ्यात उघड्या दारातून शेजारच्या कमरबी तीन वर्षांच्या नातीला घेऊन आत आल्या. “वैजू, वास लई सुटलाय गं. ही सबा ऐकंच ना.”

नेमकं आत्ताच यायचं होतं का यांना! लवकर वाटेला लागाव्यात म्हणून वैजयंतीनं ताटातून एक सफरचंद उचललं. चांगली मॅडमसाठी राहू देत म्हणून ते वाकड्या तोंडाचं उचललं आणि सबाच्या हातात दिलं.

“माझं हाय ते!”

संस्कृती झेपावली. तिनं सफरचंद हिसकून घेतलं. सबानं भोकाड पसरलं. “असू दे, असू दे,” म्हणत कमरबींनी नातीला कडेवर घेतलं आणि त्या बाहेर पडल्या.

“संस्कृती, असं करायचं नसतं. शहाणी हायेस ना तू?”

“न्हाय! न्हाय मी शहाणी! मी केलं होतं ते! तू का दिलंस?”

तिनं फरशीवर बसकण मारली आणि पाय आपटत गळा काढला. वैजयंती जवळ वाकली तशी चिकट मुठींनी तिच्या गुडघ्यांवर मारायला लागली. “तू का दिलंस? सांग ना, का दिलंस?”

वैजयंतीनं मॅडमकडं पाहिलं.

“मॅडम, खरंच अशी न्हाय ओ ती. आजच असं... माझंच चुकलं. तिला काही म्हणू नका.”

मॅडमनी कप खाली ठेवला. त्या रडणाऱ्या पोरीकडं वळल्या.

“रांगत होती तेव्हापासून आमच्याकडं होती ही,” त्या म्हणाल्या. “तापानं फणफणली, जिन्यावरून पडली, एकदा हात भाजला. कधी रडली नाही. कुणापुढंच नाही. आम्हाला तीच काळजी होती.”

मॅडमनी पर्स खांद्याला अडकवली, चपला पायात सरकवल्या.

“मी निघते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तुमच्या लेकीची समजूत काढा.”