उष्ट्याची बादली

“उष्टं चोरलं? मी?” स्वयंपाकीणमावशींनी हातातला झारा कढईत आपटला. “चोरायचंच तर दुसरं काही मिळालं नसतं मला?”

“मग जातं कुठे?” वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक थंडपणे म्हणाले. “तुमच्या घरी दोन शेळ्या आहेत. चांगल्या गुबगुबीत आहेत म्हणे.”

इंजिनियरबाई दारात उभी होती. स्वयंपाकघरामागचा बायोगॅसचा संच तीन वर्षांपूर्वी तिनेच बसवला होता. महिन्याभरातली तिची ही तिसरी फेरी. पूर्वी भरभरून पेटणारी शेगडी आता काजव्यासारखी लुकलुकत होती. तिने नळी तपासली. झडप उघडून पाहिली. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. गळती कुठेच नव्हती. टाकी ठणठणीत होती, फक्त उपाशी होती.

हिशेब साधा होता. साठ माणसांच्या ताटातलं खरकटं, भाज्यांची सालं, देठं, उरलंसुरलं असं रोज बारा किलो टाकीत पडायला हवं. आत हवा नसते. तिथले जिवाणू ते सगळं कुजवतात, त्यातून गॅस निघतो आणि त्यावर दीड तास शेगडी चालते. मागे राहिलेली रबडी, म्हणजे पातळ खत, परसातल्या झाडांना घालायची. पण टाकीच्याच पोटात काही गेलं नाही, तर ती देणार काय? गेल्या वर्षापर्यंत बारा किलो बिनबोभाट पडत होते. आता बादलीच्या तळाशी चहाचा चोथा तेवढा दिसत होता.

“मावशी, सालं तरी?”

“सालं भाजीतच जातात.”

“आणि उष्टं?”

“पडलं तर देईन ना, ताई!”

इंजिनियरबाईला तो उद्धटपणा वाटला. तिच्याही मनात शेळ्याच आल्या.

“उद्या दुपारी ही बादली भरलेली दिसली नाही, तर परवापासून येऊ नका,” व्यवस्थापक म्हणाले. जेवणघराचं दार सताड उघडं होतं. आत साठ माना ताटांवर झुकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बादली काठोकाठ भरली होती.

“बघितलंत?” व्यवस्थापकांची कळी खुलली. “नाक दाबलं की तोंड उघडतं!”

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. डोळे सुजलेले.

इंजिनियरबाईने बादली टाकीच्या तोंडाशी नेली, तिरकी केली आणि तिचा हात थांबला. उष्टं तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. कालवलेलं, चिवडलेलं, अर्धवट चावून ठेवलेलं. हा भात पांढराशुभ्र होता. त्याला भाजीचा डागसुद्धा लागला नव्हता. डावाने वाढलेल्या लहान लहान मुदी जशाच्या तशा एकमेकींवर पडल्या होत्या.

ती तशीच जेवणघरात गेली. शेवटच्या बाकावर एक म्हातारे शिंपी बसले होते. ताटातलं शेवटचं शीत बोटाने टिपून त्यांनी तोंडात घातलं. मग बोट चाटलं. ताट घासायचीही गरज नव्हती.

“आजोबा, भूक नव्हती का? भात टाकलात तो?”

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “भरली ना हो बादली? मावशींना काढू नका. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, अर्धा भात तिकडे घालायचा. कमी पडत असेल तर रात्रीचाही देऊ.”

शेजारच्या आजींनी घाईघाईने मान हलवली. परीक्षेत उत्तर बरोबर आलं की नाही ते बघावं, तशा त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

इंजिनियरबाईच्या कानशिलांतून जाळ निघाला. व्यवस्थापकांचा राग आला. स्वतःचा त्याहून जास्त आला. तीन वेळा ती टाकीत डोकावली होती, ताटात एकदाही नाही.

मग तिच्यामागोमाग आत आलेल्या मावशींचा बांध फुटला. वर्षापूर्वी हे साहेब आले आणि कोठीची किल्ली त्यांच्या खिशात गेली. तांदूळ हळूहळू निम्म्यावर आला. वाढायचा डाव बदलून लहान केला. कुणी ब्र काढला तर एकच उत्तर, “मुलाला फोन करा, घेऊन जाईल.” निम्म्यांना मुलंच नव्हती आणि ज्यांना होती ती फोन उचलत नव्हती.

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं ना, ताई. पडलं तर देईन म्हटलं.”

तिने तिथेच उभं राहून संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला. साठ जणांना ऐकू जावं अशा आवाजात बोलली. “आत्ता या. जेवायलाच या. इथलं ताट, इथल्याच डावाने वाढलेलं.” मग अध्यक्ष म्हणाले, अर्ध्या तासात पोचतो. तोवर कोठीची किल्ली मावशींच्या हातात द्या.

हे ऐकायला व्यवस्थापक तिथे नव्हते. ते टाकीपाशी घड्याळ बघत खोळंबले होते. ती येताच करवादले, “अहो, भरली ना बादली? मग अडलंय कुठे? ओता की!”

तिने टाकीचं झाकण लावलं आणि किल्लीसाठी त्यांच्यापुढे हात पसरला.

“ही टाकी उष्ट्यावर चालते, साहेब. माणसांच्या तोंडच्या घासावर नाही.”