चालवून पाहिलेला पेन

मेघनाला भान आलं तेव्हा अक्षर लिहून झालं होतं. पुरवणीच्या वरच्या कोपऱ्यात, निळंशार, कुठेही न तुटलेलं ‘श्री’.

इंटरच्या शेवटच्या वर्षाचा, म्हणजे बारावीचा, गणिताचा पेपर चालू होता. सव्वा तास उरला होता. सूचना फळ्यावर सकाळपासून लिहिलेली होती. नाव, देवाचं नाव किंवा कसलीही खूण दिसली तर पेपर रद्द आणि दोन वर्षं परीक्षेला बंदी. मेघनासाठी दोन वर्षं कोणी थांबणार नव्हतं. काकांनी आणलेलं स्थळ दारात उभंच होतं. इंजिनिअरिंगला नंबर लागला तरच ते माघारी जाणार होतं.

हा सगळा घोळ वडिलांच्या पेनांनी केला. दिगंबरराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क. रोजच्या लिखाणाला स्वस्त आणि भरवशाचा पेन शोधणं हे त्यांचं आयुष्यभराचं वेड. बाजार खुला झाल्यापासून नारायणगुड्याच्या दुकानांत नाना तऱ्हेचे पेन येऊन पडले होते, आणि एकावरही त्यांचा विश्वास नव्हता. दुकानात उभे राहून ते प्रत्येक पेनाने ‘श्री’ काढून बघत. “यात गाठ आहे, वळण आहे, उभी रेघ आहे, वेलांटी आहे,” ते म्हणत. “हे न अडखळता लिहिलं, तर पेन काहीही लिहील.” दुकानदार कंटाळून आत निघून जायचा. घरातही नवा पेन आला की पहिलं अक्षर तेच. मेघना चार वर्षांची असल्यापासून हेच बघत आली होती.

लेकीच्या परीक्षेसाठी त्यांनी दोन-दोन रुपयांचे दोन पेन निवडले आणि महिनाभर कचेरीत स्वतः वापरून त्यांची खात्री करून घेतली. इतकी खात्री करून घेतली की रिफिलीत तासाभराचीसुद्धा शाई उरली नाही. पहिला पेन तासाभराच्या आतच बसला. दुसऱ्याने पुरवणी हातात आल्या आल्या मान टाकली. तिसरा कोराच होता, नुसता सोबत असावा म्हणून दिलेला. तो तिने उघडला आणि हाताने सवयीचं काम करून टाकलं.

पुरवणीवर नंबर छापलेला होता. फाडता येत नव्हती, बदलता येत नव्हती. तिने वर तळहात ठेवला. पर्यवेक्षक मोईनुद्दीन सर दोन बाकं मागे पुरवण्यांवर सह्या करत येत होते. आणि नेमके तेव्हाच दारातून कॉपी पकडणाऱ्या स्क्वॉडचे साहेब आत आले.

झाकलेला हात स्क्वॉडला लांबूनही दिसतो. साहेब सरळ तिच्यापाशी आले.

“एंटम्मा इदि?” हे काय गं, असं त्यांनी तेलुगूत विचारलं.

तिने हात काढला. साहेबांनी पुरवणी उचलली, अक्षर पाहिलं आणि खिशातून छापील फॉर्म काढला. “हॉल टिकट,” ते म्हणाले.

मेघना घाबरली. खरंच घाबरली. तिला वडिलांचा राग आला आणि लगेच त्या रागाचीच लाज वाटली.

“वो मैं लिख्या साब,” मागून मोईनुद्दीन सर म्हणाले.

साहेब वळले. “आप?”

“हौ. दस्तखत करने को खड़ा था, मेरा पेन बंद पड़ गया. बच्ची का लेके चला के देखा.”

ही थाप होती. त्यांचा पेन त्यांच्या हातात होता आणि शेजारच्या बाकावरची त्यांची सही अजून ओली होती. साहेबांनी त्यांच्या काखेतला हजेरीचा कागद ओढून घेतला. त्याच्या माथ्यावर बारीक अक्षरात 786, बिस्मिल्लाचा आकडा, लिहिलेला होता. सकाळी सही करताना मेघनानेही तो पाहिला होता.

“अपने कागज़ पे ये,” साहेब म्हणाले, “और इसके कागज़ पे वो?”

वर्गात सगळ्यांची लेखणी थांबली होती. आता दोघंही बुडणार हे मेघनाला कळत होतं. खरं सांगून टाकावं म्हणून ती उठायला लागली. सरांनी तिच्याकडे न बघता तिच्या खांद्यावर बोट टेकवलं. ती बसली.

साहेबांनी फॉर्म पालथा करून बाकावर ठेवला. “लिख के बताओ.”

सरांनी तिचा पेन उचलला. चष्मा नाकावर सरकवला. मग हात न उचलता त्यांनी गाठ मारली, वळण घेतलं, उभी रेघ खाली ओढली, वर वेलांटी दिली. जुन्या वळणाचं, जरा उजवीकडे झुकलेलं ‘श्री’. दिगंबरराव दुकानात काढायचे तसंच.

साहेबांनी दोन्ही अक्षरं शेजारी धरून पाहिली. पुन्हा एकदा पाहिली. मग त्यांनी पुरवणीवर ‘पर्यवेक्षकाची चूक’ असा शेरा मारला, खाली सरांची सही घेतली, आणि दुसऱ्या वर्गाकडे निघून गेले.

सरांनी पेन तिच्यापुढे ठेवला. सकाळपासून त्यांच्या तोंडून तिने दखनीशिवाय एक शब्द ऐकला नव्हता.

“परभणीला शाळेत मास्तर नवा टाक असाच चालवून बघायला लावायचे,” ते हळूच म्हणाले. “पेन चांगलाय माय. लिही आता.”