धरून ठेवण्यापुरतं

जिउ-जित्सू ही पकडींची जपानी कुस्ती शिकायला कुठे जावं हे ठरवताना ग्रंथपाल बाईंनी दोन जिम पाहिल्या. दोन्हीकडे त्यांना भिंतीवरची पदकं दाखवली गेली. तिसऱ्या जिममधला प्रशिक्षक जमिनीवरची मॅट पुसत होता. बाईंच्या मनगटावरचा काळानिळा डाग बघून त्याने हळूच विचारलं, "नवरा?"

"नाही हो, वडील. हल्ली मला ओळखत नाहीत. चोर समजून अंगावर धावून येतात. मला मारामारी नको. त्यांना न दुखवता धरून ठेवता आलं, की झालं."

"तेच तर शिकवतो आम्ही. पण हात बसायला वर्ष तरी जाईल, ताई."

बाईंनी काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या.

"वर्षभरात ते अंथरुणातून उठायचेही बंद होतील, असं डॉक्टर म्हणालेत."